ताशी मैल, ताशी किलोमीटर आणि अवकाशयानाचा खरा वेग



गोष्ट एप्रिल २०२३ मधली आहे. अमिरातीचे अंतराळवीर सुलतान अल नेयादी तेव्हा आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर मुक्कामाला होते. त्यामुळे इथे शारजात आमच्या इमारतीतल्या मुलांना स्थानक बघायचे वेडच लागले होते. एका संध्याकाळी आम्ही पाच-सहा कुटुंबे खाली पार्किंगमध्ये माना वर करून उभी राहिलो. ठरल्या वेळी तो चमकता ठिपका उगवला आणि पाचेक मिनिटांत आकाश ओलांडून दिसेनासा झाला.

घरी आल्यावर लेकीने शाळेची प्रकल्पवही उघडली. "स्थानकाचा वेग ताशी ____ किमी" ही जागा भरायची होती, आणि इथेच गाडी अडली. फोनमधले ॲप म्हणत होते ताशी १७,५०० मैल. वर्तमानपत्रात होते ताशी २८,००० किमी. तिच्या पुस्तकात होते ताशी २७,६०० किमी. तिने कॅल्क्युलेटर घेतला, १७,५०० ला १.६०९३४४ ने गुणले आणि उत्तर आले २८,१६३.५२.

"बाबा, माझेच सगळ्यांत अचूक आहे ना? दशांश चिन्हानंतरचे आकडेसुद्धा आहेत!"

तिचा गुणाकार बिनचूक होता. पण तिन्ही किलोमीटरच्या आकड्यांत तिचेच उत्तर खऱ्या वेगापासून सर्वांत दूर होते. असे का झाले, ते आज पाहू. त्या निमित्ताने वेगांचे रूपांतरही पक्के करू आणि अमिरातीच्या व आपल्या मंगळमोहिमांच्या बातम्यांत आलेले काही आकडे तपासून बघू.

आधी गुणक

आखातात राहणाऱ्यांना दोन-दोन एककांची सवय असते. रस्त्यावरचे फलक किलोमीटरमध्ये, घराचे क्षेत्रफळ चौरस फुटांत, विमानाची उंची फुटांत. इथे पेट्रोलसुद्धा २०१० पर्यंत इंपीरियल गॅलनवर मिळायचे, लिटर नंतर आला. भारतात मैल आता मैलाच्या दगडापुरता उरला आहे. अमेरिकेत मात्र तो रोजच्या वापरात आहे, आणि अवकाशाच्या बऱ्याच बातम्या तिथूनच येतात. म्हणून हे गुणक हाताशी हवेत.

- १ यार्ड = ०.९१४४ मीटर. १९५९ पासून ही व्याख्याच आहे, त्यात मोजमापाची चूक नाही.
- १ मैल = १,७६० यार्ड = १.६०९३४४ किमी. हेही तंतोतंत.
- १ तास = ३,६०० सेकंद. म्हणून सेकंदाला १ किमी = ताशी ३,६०० किमी.
- ३,६०० ÷ १.६०९३४४ = २,२३६.९. म्हणून सेकंदाला १ किमी = ताशी सुमारे २,२३७ मैल.

अवकाशशास्त्रात वेग बहुधा 'सेकंदाला किती किमी' असा देतात, कारण ताशी आकडे फार मोठे होतात. स्थानकाचा वेग सेकंदाला ७.६६ किमी आहे. दुबई ते मुंबई हवाई अंतर सुमारे १,९३० किमी. आपल्याला विमानाने जायला तीन तास लागतात. या वेगाने तेवढे अंतर सव्वाचार मिनिटांत संपेल.

तोंडी हिशेब

आपल्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी पाठ असायच्या. त्या इथे फार उपयोगी पडतात.

मैलांचे किलोमीटर: दीडपट करा आणि मूळ आकड्याचा एक दशांश मिळवा. १७,५०० ची दीडपट २६,२५०. त्यात १,७५० मिळवले की २८,०००. वर्तमानपत्रातला आकडा नेमका हाच आहे.

किलोमीटरचे मैल: निम्मे करा आणि आलेल्या उत्तराचा पाव मिळवा. २८,००० चे निम्मे १४,०००, त्याचा पाव ३,५००, बेरीज १७,५००.

सेकंदाला किमीचे ताशी किमी: औट म्हणजे साडेतीन. साडेतीनपट करून एक दशांश मिळवा, मग हजाराने गुणा. ७.६६ ची साडेतीनपट २६.८१, अधिक ०.७६६, म्हणजे २७.५७६. उत्तर ताशी २७,५७६ किमी. ही रीत तंतोतंत आहे, कारण ३.५ + ०.१ = ३.६.

सेकंदाला किमीचे ताशी मैल: सव्वादोनपट करून हजाराने गुणा. ७.६६ ची सव्वादोनपट १७.२३५, म्हणजे ताशी सुमारे १७,२०० मैल. खरे उत्तर १७,१३५. मैलांच्या या तिन्ही रीतींत शेकडा एकापेक्षा कमी फरक पडतो.

गोल केलेला आकडा

आता लेकीचा प्रश्न. स्थानकाचा वेग सेकंदाला ७.६६ किमी, म्हणजे ताशी सुमारे २७,६०० किमी, म्हणजेच ताशी सुमारे १७,१०० मैल. मग ॲपवर १७,५०० कुठून आले? तो लोकांना सहज लक्षात राहावा म्हणून गोल केलेला आकडा आहे. 'साधारण साडेसतरा हजार' एवढाच त्याचा अर्थ. त्यात शे-चारशे मैलांची ढिलाई आधीपासूनच आहे.

अशा आकड्याला सात अंकी गुणकाने गुणले, की उत्तरात सात अंक दिसतात. पण ढिलाई तशीच राहते, फक्त ती दशांशांमागे लपते. भाजीवाल्याने "अंदाजे दोन किलो" म्हटले, तर आपण "४.४०९२ पौंड" असे लिहीत नाही. नियम सोपा आहे: मूळ आकड्यात जेवढे भरवशाचे अंक, तेवढेच उत्तरात ठेवायचे.

"पण फरक किती? दोन टक्केच ना?" असे कुणी म्हणेल. रस्त्यावर ताशी १२० आणि १२२ मध्ये खरोखर काही फरक नाही. कक्षेत मात्र वेग आणि उंची एकमेकांना बांधलेले असतात. वर्तुळाकार कक्षेत

वेगाचा वर्ग = ३,९८,६०० ÷ पृथ्वीच्या केंद्रापासूनचे अंतर

असतो. इथे वेग सेकंदाला किमीमध्ये आणि अंतर किमीमध्ये घ्यायचे. ३,९८,६०० हा आकडा पृथ्वीचे वस्तुमान आणि गुरुत्वस्थिरांक यांच्या गुणाकारातून येतो.

प्रथम ७.६६ घेऊन बघू. त्याचा वर्ग ५८.६८. ३,९८,६०० ÷ ५८.६८ = सुमारे ६,७९३ किमी. यातून पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ वजा केली की उंची येते ४२२ किमी. स्थानक खरोखर याच उंचीच्या आसपास फिरते.

आता लेकीचे २८,१६३.५२ घेऊ. ३,६०० ने भागले की सेकंदाला ७.८२३ किमी. वर्ग ६१.२०. भागाकार सुमारे ६,५१३ किमी. त्रिज्या वजा केली की उंची फक्त १४२ किमी!

म्हणजे वेगातल्या दोन टक्क्यांनी स्थानक तब्बल २८० किमी खाली आणले. तिथे हवा विरळ असली, तरी या वेगाच्या वस्तूला अडवायला पुरेशी आहे. फुटबॉलच्या मैदानाएवढे ते स्थानक तिथे टिकणारच नाही. अल नेयादी तिथे सहा महिने राहून, ४ सप्टेंबर २०२३ ला सुखरूप परत आले, ते स्थानक या उंचीवर नव्हते म्हणूनच!

आणखी एक तपासणी अशी. स्थानक एक फेरी ९२.८ मिनिटांत पुरी करते. कक्षेची त्रिज्या सुमारे ६,७९० किमी, म्हणजे परिघ सुमारे ४२,६६० किमी. भागाकार मिनिटाला ४६० किमी, म्हणजे ताशी २७,६००. पुस्तकातला आकडा बरोबर निघाला, आणि मैल कुठे मध्ये आलाच नाही.

मैल कोणता?

मैलसुद्धा एकच नाही. जहाजे आणि विमाने नॉटिकल मैल वापरतात. तो १.८५२ किमीचा असतो, आणि ताशी एक नॉटिकल मैल म्हणजे एक नॉट. मीना रशीदला लागणारे जहाज ताशी २० मैल जाते असे कुणी म्हटले, तर बहुधा ते २० नॉट, म्हणजे ताशी ३७ किमी असतात, ३२ नव्हे.

समजा १७,५०० ला चुकून १.८५२ ने गुणले. उत्तर येईल ताशी ३२,४१० किमी, म्हणजे सेकंदाला ९ किमी. वरच्या सूत्रात घातले तर केंद्रापासूनचे अंतर ४,९२१ किमी निघते. म्हणजे स्थानक जमिनीखालून फिरायला हवे! सूत्राचा हाच फायदा आहे. चुकीचे एकक घातले की उत्तर स्वतःच ओरडून सांगते.

होप आणि मंगळयान: वेग कशाच्या सापेक्ष?

आता जरा अवघड पण जास्त महत्त्वाचा भाग.

अमिरातीचे 'होप' यान (अरबीत 'अल-अमल', म्हणजे आशा) २० जुलै २०२० च्या पहाटे, इथल्या वेळेनुसार, जपानच्या तानेगाशिमा बेटावरून निघाले आणि ९ फेब्रुवारी २०२१ ला मंगळाभोवतीच्या कक्षेत शिरले. त्या रात्री बुर्ज खलिफा लाल दिव्यांनी उजळला होता. सगळ्या बातम्यांत एक वाक्य होते: यानाने २७ मिनिटे इंजिने चालवून आपला वेग ताशी १,२१,००० किमीवरून १८,००० किमीवर आणला. अमेरिकेतल्या नातेवाइकांना तेच वाक्य ७५,००० मैल आणि ११,२०० मैल असे वाचायला मिळाले. तोंडी करून बघा, रूपांतर चोख आहे.

पण शाळेतले भौतिकशास्त्र वापरून हिशेब करू. यानावर मोठी इंजिने सहा होती, प्रत्येकाचा जोर १२० न्यूटन. एकूण ७२० न्यूटन. २७ मिनिटे म्हणजे १,६२० सेकंद. बल गुणिले वेळ = ११,६६,४०० न्यूटन-सेकंद. इंधनासह यानाचे वस्तुमान सुमारे १,३५० किलो. भागाकार केला की वेगातला बदल येतो सेकंदाला ८६४ मीटर. इंधन जळत जाते तसे यान हलके होते, म्हणून प्रत्यक्ष बदल थोडा जास्त, सेकंदाला साधारण १ किमी धरू. म्हणजे ताशी ३,६०० किमी.

बातमीप्रमाणे मात्र वेग ताशी १,०३,००० किमीने घटला! तो या इंजिनांच्या ताकदीच्या जवळजवळ तीसपट होतो. मग उरलेला वेग कुणी कमी केला?

कुणीच नाही. कारण ते दोन आकडे एकाच गोष्टीपासून मोजलेले नाहीत. १,२१,००० म्हणजे सेकंदाला ३३.६ किमी. पृथ्वी स्वतः सूर्याभोवती सेकंदाला २९.८ किमी वेगाने धावते. तिच्यावरून सुटलेल्या यानाला तो वेग आयता मिळतो, त्यात रॉकेटने दिलेली थोडी भर पडते. म्हणजे ३३.६ हा सूर्याच्या सापेक्ष वेग झाला, तोही प्रवासाच्या सुरुवातीचा. १८,००० म्हणजे सेकंदाला ५ किमी, हा मंगळाच्या सापेक्ष वेग. मंगळसुद्धा सूर्याभोवती सेकंदाला सुमारे २४ किमी वेगाने पळत असतो. यानाला त्याच्याबरोबर पळत-पळत त्याच्या मिठीत शिरायचे असते.

रोजचे उदाहरण घ्या. शेख झायेद रोडवर तुम्ही ताशी १०० ने चालला आहात आणि शेजारची गाडी ९० ने. रस्त्याच्या सापेक्ष तुमचा वेग १००, तिच्या सापेक्ष फक्त १०. "माझा वेग १०० वरून १० वर आला" असे तुम्ही म्हणालात, तर ब्रेकला हातही... म्हणजे पायही न लावता तुम्ही तो कमी केलात! बातमीत नेमके हेच झाले.

यात अमिरातीच्या यशाला काहीच उणेपणा येत नाही. उलट खरा हिशेब कळला की धाडस जास्त कळते. वेग सेकंदाला फक्त एक किमीने कमी करायचा, पण संदेश पृथ्वीवर यायला मिनिटेच्या मिनिटे लागत असताना आणि सगळे यानाने स्वतःच, पहिल्याच प्रयत्नात करायचे.

आपल्या मंगळयानाच्या वेळीही असेच झाले होते. २४ सप्टेंबर २०१४ च्या सकाळी भारतात लोक दूरदर्शनसमोर बसले होते. बातम्यांत वाक्य होते की यानाचा वेग सेकंदाला २२ किमीवरून ४.४ किमीवर आणायचा आहे. यातला २२ सूर्याच्या सापेक्ष होता आणि ४.४ मंगळाच्या. इंजिन साधारण २४ मिनिटे चालले, आणि इस्रोने दिलेला वेगातला खरा बदल होता सेकंदाला सुमारे १.१ किमी. होपच्या आपल्या हिशेबाशी हा आकडा किती जवळचा आहे ते बघा. दोन देश, दोन याने, पण गुरुत्वाकर्षणाचा नियम एकच.

एककाची चूक किती महाग पडते?

वहीतली चूक खोडता येते. अवकाशात तसे नसते. नासाचे 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान २३ सप्टेंबर १९९९ ला मंगळापाशी पोचले आणि मंगळाच्या मागे गेले ते परत दिसलेच नाही. (आपले मंगळयान पोचले ते बरोबर पंधरा वर्षे आणि एका दिवसाने.)

कारण साधे होते. प्रवासात यानाचे छोटे थ्रस्टर अधूनमधून चालवावे लागत. त्यांनी दिलेला धक्का जमिनीवरची एक संगणकप्रणाली पौंड-बल सेकंदात लिहीत होती आणि ते आकडे घेणारी दुसरी प्रणाली त्यांना न्यूटन-सेकंद समजत होती. १ पौंड-बल म्हणजे ४.४५ न्यूटन. म्हणजे प्रत्येक धक्क्याचा परिणाम साडेचारपट कमी धरला गेला. एकेक धक्का अगदी क्षुल्लक होता, पण महिनोन्महिने ते साठत गेले. मंगळापासून साधारण २२६ किमी उंचीवरून जायचे यान ५७ किमीवरून गेले. तिथल्या वातावरणात ते वाचणे शक्य नव्हते.

इथे कुणाचाही गुणाकार चुकला नव्हता. गुणाकार केलाच गेला नाही, कारण आकड्याबरोबर एकक प्रवास करत नव्हते. म्हणून मुलांना मी आता एकच सांगतो: हिशेबाच्या शेवटच्या ओळीतच नव्हे, तर प्रत्येक ओळीत एकक लिहा.

वेगाचा आकडा दिसला की चार प्रश्न

१. एकक कोणते? मैल असेल तर साधा की नॉटिकल?
२. आकडा मोजलेला आहे की गोल केलेला? किती अंक भरवशाचे?
३. वेग कशाच्या सापेक्ष: जमिनीच्या, पृथ्वीच्या केंद्राच्या, सूर्याच्या, की दुसऱ्या ग्रहाच्या?
४. दुसऱ्या वाटेने, म्हणजे उंची, फेरीचा वेळ किंवा इंजिनाचा जोर यांवरून तेच उत्तर येते का?

यांची उत्तरे मिळाल्यावरच कॅल्क्युलेटर उघडायचा.

तुमच्यासाठी सराव

(अ) आपल्या छतांवरच्या डिश ज्या भूस्थिर उपग्रहांकडे तोंड करून असतात, त्यांचा वेग सेकंदाला ३.०७ किमी. ताशी किती किमी आणि किती मैल?

(आ) पृथ्वीवरून कायमचे निसटायला ताशी २५,००० मैल वेग लागतो असे अमेरिकी पुस्तकात लिहिले आहे. सेकंदाला किती किमी?

(इ) अमिरातीच्या अभियंत्यांनी बांधलेला खलिफासॅट २०१८ मध्ये सुमारे ६१३ किमी उंचीवर सोडला. वरच्या सूत्राने त्याचा वेग काढा. तो स्थानकापेक्षा जास्त की कमी?

(ई) चंद्र पृथ्वीभोवती सेकंदाला १.०२ किमी वेगाने फिरतो. ताशी किती मैल?

उत्तरे: (अ) ताशी सुमारे ११,१०० किमी, ६,८७० मैल. (आ) ११.२ किमी. (इ) अंतर ६,९८४ किमी, वेग सेकंदाला ७.५५ किमी, म्हणजे ताशी सुमारे २७,२०० किमी किंवा १६,९०० मैल. स्थानकापेक्षा कमी, कारण उंची वाढली की कक्षेतला वेग घटतो. (ई) सुमारे २,२८० मैल.

लेकीच्या वहीत शेवटी काय लिहिले गेले? "ताशी सुमारे २७,६०० किमी, पृथ्वीच्या केंद्राच्या सापेक्ष." रिकामी जागा एका शब्दाची होती, त्यामुळे उरलेले समासात गेले. पुढच्या वेळी स्थानक तुमच्या गच्चीवरून दिसेल, तेव्हा मुलांना घड्याळ लावून फेरीचा वेळ मोजायला सांगा. लागोपाठच्या दोन फेऱ्या दिसल्या, तर साधारण दीड तासाचे अंतर मिळेल. (पृथ्वीही खालून फिरत असते, म्हणून ते ९२.८ मिनिटांशी तंतोतंत जुळणार नाही.) मग वेग त्यांचा त्यांनाच काढता येईल.